ओल्या भिंतीचा रंग

भिंत माझ्या हट्टामुळे फिकी पडली आणि आळ मी गोविंदअण्णांवर घेतला. एवढं एक वाक्य कागदावर उतरवायला मला आठ हिवाळे लागले. लिहून झाल्यावरही ते मी दोनदा वाचलं, स्वतःसाठी कुठे पळवाट ठेवली आहे का ते बघायला. सापडलीच. ‘हट्ट’ म्हटलं की त्यात थोडा लाड येतो. तो हट्ट नव्हता, घमेंड होती.

अवरेच्या शेंगा बाजारात आल्या की हे सगळं वर येतं. डिसेंबर लागला की आमच्या बंगळूरात पावट्याच्या जातीच्या या हिरव्या शेंगांचे ढीग हातगाड्यांवर आणि फुटपाथवर दिसायला लागतात. लोक शेंग उचलतात, चुरगाळतात, नाकाशी नेतात. तिला एक उग्र, तेलकट, किंचित गोड वास असतो. त्या वासाला इथे ‘सोगडु’ म्हणतात आणि तो जितका बोटांना चिकटेल तितकी शेंग चांगली. धुकं जितकं दाट तितका वास दाट, असं बायका सांगतात. सकाळी नऊपर्यंत सूर्य दुधात पडलेल्या नाण्यासारखा दिसतो. सावल्यांना कडा नसतात. माझ्यासारख्या कॅमेरामनला असा उजेड म्हणजे फुकटात मिळालेली मेजवानी. तरी मला या उजेडाचा संशय येतो. ज्या उजेडात सगळेच चेहरे प्रेमळ दिसतात, तो काहीतरी लपवत असणार, असं वाटतं.

गेल्या आठवड्यात सुमन, माझी बायको, भिजवलेले अवरे परातीत घेऊन बसली होती. दाणा दोन बोटांत दाबला की सालीतून सुटून परातीत उडतो. बाबा शेजारच्या खुर्चीत होते. दोन वर्षांपूर्वी पडल्यापासून ते घराबाहेर जात नाहीत. मोसम कुठला आहे ते त्यांना वासावरूनच कळतं.

“यंदाही गोविंद आला नाही,” बाबा म्हणाले.

“कामात असतील.”

“आठ वर्षं कामात?” त्यांनी एक दाणा दाबला. तो परातीबाहेर गेला. “मोसमातली पहिली शेंग घेऊन यायचा. दारातूनच ओरडायचा, रंगारी, उठा, सोगडु आलाय. मीच कधीतरी काहीतरी बोललो असणार त्याला. आठवत नाही बघ. किट्टू, तुला आठवतंय का?”

मी खिडकीकडे बघितलं. सुमन म्हणाली, “ह्यांना आठवत असेल तर सांगतील की.” ती दाणे दाबत होती, पण नजर माझ्यावर होती. तिला काहीच माहीत नव्हतं. पण चौदा वर्षांच्या संसारात माणसाला नवऱ्याच्या मानेवरून बरंच कळतं.

एक माणूस आठ वर्षं मनातल्या मनात स्वतःची चूक शोधत होता आणि ती चूक माझ्याकडे होती. हे मला त्या दिवशी कळलं.

आमचं घराणं रंगाऱ्याचं. पेठेतल्या मराठी घरांपैकी एक. घरात मराठी, दारात कन्नड. मागच्या अंगणात तांब्याच्या कढया होत्या आणि बाबांच्या हातांना कोपरापर्यंत कधी जांभळा तर कधी हळदीचा रंग असायचा. आमच्या घरात एक रिवाज होता: ओला कपडा गिऱ्हाइकाला दाखवायचा नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी बाबा आधी कापडाचा कोपरा चुलीवरच्या तव्यावर सुकवायचे, उजेडात धरायचे, मगच म्हणायचे, “हा तुमचा रंग.” ओला रंग गडद दिसतो, सुकला की उतरतो. हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. म्हणूनच पुढे जे झालं ते कुणा दुसऱ्याच्या हातून झालं असतं तर एक वेळ समजून घेता आलं असतं.

गोविंदअण्णा बाबांचे मित्र. शिवाजीनगरात बसस्टँडच्या मागे त्यांचं पाट्या रंगवायचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन भिंतींच्या मधली फट. तिथे कन्नड, इंग्लिश, उर्दू, तमिळ अशा चारही लिपींच्या पाट्या सुकत उभ्या असायच्या. अण्णांना त्यातल्या दोनच वाचता यायच्या, पण चारही सारख्याच डौलात काढायचे. शाळेला सुटी लागली की बाबा मला तिथे सोडायचे. टर्पेंटाइनचा वास, शेजारच्या हॉटेलातला कबाबाचा धूर, आणि अण्णांची डाव्या हातातली काठी, जिच्यावर उजवा हात टेकवून ते एका श्वासात कन्नड ‘अ’चं वळण पुरं करायचे.

“अक्षर कुणीपण काढतंय रे किट्टू,” ते म्हणायचे. “दोन अक्षरांच्या मधली जागा कोण काढतंय ते बघ. ती चुकली की अक्षरं भांडल्यासारखी दिसतात.”

मी मधली जागा बघायला शिकलो. पुढे चित्रकला महाविद्यालयात गेलो तेव्हा तीच गोष्ट मोठ्या शब्दांत पुन्हा शिकवली गेली. तिथे आणखी एक सवय लागली, संशयाची. आमचे सर सांगायचे, डोळे अर्धे मिटा, मग बघा. सफरचंद लाल आहे हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून तुम्ही लाल फासता. दिसतंय का लाल? खिडकीकडच्या बाजूला ते निळं आहे, खाली टेबलाचा पिवळा रंग त्यात शिरलाय. सावली काळी नसते. पांढरा कागद पांढरा नसतो. जे माहीत आहे त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पाच वर्षं रोज हे ऐकलं की जगाकडे बघायची एक तिरपी नजर तयार होते. चित्रकारासाठी ती चांगली. माणसाच्या इतर व्यवहारांत ती काय करते, हे कुठल्याही महाविद्यालयात शिकवत नाहीत.

कॅमेऱ्याकडे मी चित्रांच्या वाटेनंच गेलो. पाट्या टांगल्या होत्या त्या गल्लीतून दुपारचा उजेड तिरका यायचा आणि रंगवलेल्या अक्षरांवरून सरकत जायचा. मला वाटायचं, चित्र स्थिर राहतं पण उजेड हलतो, मग हलणारा उजेड कसा काढायचा? पुढे सात वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली कॅमेऱ्याच्या पेट्या उचलल्या, भिंगं पुसली, अंतर मोजायची फीत धरली. बाकीचे मदतनीस आधी उजेड मोजायचं मीटर बघायचे, मी आधी डोळे अर्धे मिटायचो. दिवे लावणारी मंडळी हसायची. “सर ध्यानाला बसले, घंटा वाजवा रे,” कुणीतरी म्हणायचं. पण मी सांगितलेल्या जागी दिवा ठेवला की चेहऱ्याला हाड यायचं, हे त्यांनाही दिसत होतं. चित्रकलेनं मला हे दिलं. चौकटीत रिकामी जागा सोडायची हिंमत दिली. लोक आज ज्या गोष्टीसाठी मला बोलावतात ती सगळी शिवाजीनगरच्या त्या फटीतून आलेली आहे. एकाही मुलाखतीत मी तसं सांगितलं नाही. ‘महाविद्यालयात शिकलो’ एवढंच सांगितलं.

नव्वदीच्या सुरुवातीच्या एका हिवाळ्यात मला पहिला स्वतंत्र सिनेमा मिळाला. दिग्दर्शक मूर्ती माझ्याच वयाचा, हातात पैसा कमी आणि डोक्यात कल्पना फार. कलादिग्दर्शक ठेवणं परवडत नव्हतं. “तू चित्रकार आहेस, भिंतींचं तूच बघ,” तो म्हणाला आणि मला ते आवडलं. हेब्बाळच्या तळ्याअलीकडे एक कौलारू घर भाड्यानं घेतलं. तेव्हा तिथे द्राक्षांचे मळे होते आणि सकाळी धुकं पार ओसरीत यायचं. त्या घरात मुख्य प्रसंग होता: आई गेल्यावर दोन बहिणी तिची पेटी उघडून बसतात आणि बोलता बोलता भांडतात. पाच दिवसांचं चित्रीकरण, एकच खोली, दोघींच्या मागे एकच भिंत. मला त्या भिंतीचा रंग हवा होता पावसाळी ढगाच्या पोटासारखा, करडा-निळा. तो मी एका पुठ्ठ्यावर रंगवून आणला आणि भिंत रंगवायला गोविंदअण्णांना बोलावलं. खरं सांगायचं तर त्यांना काम द्यावं यापेक्षा मी कुठे पोचलोय ते त्यांनी बघावं, ही इच्छा जास्त होती.

अण्णांनी चुन्यात नीळ आणि काजळी कालवली. संध्याकाळी भिंतीवर हातभर पट्टा ओढला. मी पुठ्ठा शेजारी धरला.

“फिका आहे. अजून नीळ?” मी विचारलं.

“नको, काजळी स्वल्प वाढवतो.”

त्यांनी वाढवली. दुसरा पट्टा ओढला. आता रंग पुठ्ठ्याशी तंतोतंत जुळला. “बस, हाच,” मी म्हणालो.

“किट्टू, हा ओला आहे. आत्ता जुळतोय म्हणजे वाळल्यावर जुळणार नाही. दोन छटा गडद धरू, उद्या-परवा उतरून तुझ्या पुठ्ठ्यावर येईल.”

मूर्ती मागे उभा होता. दिव्यांची मंडळी होती. माझ्या पहिल्या सिनेमाच्या पहिल्या संध्याकाळी पाट्या रंगवणारा माणूस मला रंग समजावत होता, आणि तोही मला ‘किट्टू’ म्हणून.

“अण्णा, रंग मला शिकवू नका. जुळलाय. लावा.”

ते म्हणाले, “सरी. तू म्हणशील तसं.”

पहिल्या सकाळी भिंत बघून मूर्तीनं मला मिठी मारली. धुक्याची ओल होती, चुना अजून दमट होता, आणि भिंत अगदी माझ्या पुठ्ठ्याच्या रंगाची दिसत होती. दोघी बहिणींचा एकत्र शॉट घेतला. दुपारी थोरलीचे जवळचे शॉट. खोलीत मोठे दिवे चालू होते. थंडीतही आम्हाला घाम येत होता. भिंत माझ्यासमोर दिवसभर होती, म्हणूनच ती बदलताना मला दिसली नाही. रोज बघितलेल्या माणसाचं वय वाढताना दिसत नाही तसं.

त्या काळी निगेटिव्ह रेल्वेनं मद्रासच्या लॅबला जायचं आणि धुऊन, छापून परत यायला तीन-चार दिवस लागायचे. काय टिपलंय ते तोवर देवाला आणि लॅबला माहीत. चौथ्या दिवशी पहिल्या दिवसाचे तुकडे परत आले. एका थिएटरात सकाळच्या खेळाआधी आम्ही ते बघायला बसलो. पडद्यावर दोघी बहिणी, मागे ढगाच्या पोटाचा रंग. सुंदर. आणि लगेच पुढच्या शॉटमध्ये, त्याच वाक्याच्या पुढच्या शब्दावर, थोरलीच्या मागे राखेसारखी पांढुरकी भिंत.

“ही दुसरी खोली आहे का?” मूर्तीनं अंधारात विचारलं.

माझा संशय कामाला लागला होता. पहिला लॅबवर. पण प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला आम्ही एक करडं कार्ड टिपतो, रंग जागेवर आहे ना ते ताडायला. ते कार्ड दोन्हीकडे सारखं होतं. थोरलीचा चेहराही सारखा होता. लॅब सुटली. मग माझ्या मदतनिसावर, सेल्वमवर संशय आला: भिंगावर चुकीची काच लावली का? पण तसं असतं तर चेहराही बदलला असता. सेल्वम सुटला. म्हणजे बदलली होती ती फक्त भिंत. मग भिंतीजवळ कोण होतं? सामान राखायला गोविंदअण्णा त्या घरातच राहत होते. मी सगळ्यांसमोर त्यांना गप्प केलं होतं. त्यांना रंग गडद हवा होता, मला तसा नको होता. सगळं जुळत गेलं. किती छान जुळत गेलं! डोळे अर्धे मिटून बघितलं की बारीकसारीक तपशील नाहीसे होतात आणि फक्त मोठे आकार उरतात. चित्राच्या पहिल्या रेघांसाठी ती युक्ती उत्तम आहे. माणसाच्या बाबतीत मी तीच वापरली.

पाचव्या दिवशी मी कुणालाही न सांगता लवकर पोचलो. उजाडलं होतं, धुकं होतं, ओसरीवर कुणीतरी आणून ठेवलेल्या अवरेच्या शेंगांची टोपली होती आणि तो वास. मी आत गेलो नाही. खिडकीबाहेर उभा राहिलो. अण्णा हातात चुना लावायचा कुंचा घेऊन भिंतीपाशी होते. कुंचा बादलीत बुडवायचे, झटकायचे आणि हलक्या हातानं वरून खाली ओढायचे. बादलीतलं पाणी पांढुरकं होतं. मला आणखी काय पुरावा हवा होता? मी त्यांना हाक मारली नाही. तिथे उभा राहून, खिडकीच्या चौकटीत तो माणूस, बादली आणि भिंत नीट बसवून घेतली. वाईट इतकंच वाटलं की हे टिपायला हाताशी कॅमेरा नाही.

सगळे येईपर्यंत थांबलो. मग मूर्ती, सेल्वम, दिव्यांची मंडळी, दोघी नट्या अशा सगळ्यांना खोलीत बोलावलं. अण्णांशी मी जन्मभर मराठीत बोललो होतो. त्या दिवशी मराठी सोडली आणि कन्नडमध्ये बोललो, सगळ्यांना कळावं म्हणून.

“भिंत कोण बिघडवतंय ते मी डोळ्यांनी बघितलंय. हा माणूस रोज सकाळी तिच्यावर पांढरा हात मारतोय. मी याचं ऐकलं नाही म्हणून. याला पुन्हा कुणी सेटवर घेऊ नका.”

‘हा माणूस’ म्हणालो. ‘अण्णा’सुद्धा नाही.

अण्णांच्या हातात कुंचा तसाच होता. त्यातून पाणी त्यांच्या पायावर ठिबकत होतं. सगळे त्यांच्याकडे बघत होते. ते फक्त माझ्याकडे बघून, मराठीत, हळू म्हणाले, “किट्टू, भिंतीला हात लावून बघ.”

मी हात लावला नाही. मी बघणारा माणूस. हात लावणं माझ्या शिक्षणात बसत नव्हतं.

त्यांनी कुंचा बादलीत उभा केला, चप्पल घातली आणि बसस्टॉपकडे चालत गेले. धुक्यात माणूस लांब जाताना आधी पाय नाहीसे होतात, मग बाकीचा. तेही मी बघत राहिलो. त्या दिवशी दुपारपर्यंत दिव्यांच्या उष्णतेनं भिंत राखेसारखी झाली. मी म्हणालो, बघा, त्यानं काय करून ठेवलंय. मग दुसऱ्या रंगाऱ्याकडून तैलरंग लावून घेतला आणि बिघडलेले शॉट पुन्हा टिपले.

तीन आठवड्यांनी संकलनाच्या टेबलापाशी मी मूर्तीच्या शेजारी बसलो होतो. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या दिवसाचे शॉट एकापुढे एक लागत होते. भिंत सगळीकडे तीच. ढगाच्या पोटाची. पहिल्या सकाळशी तंतोतंत जुळणारी. फक्त पहिल्या दुपारचे शॉट वेगळे, आणि अण्णा गेल्यानंतरचे. मला समजेना. मग एका शॉटमध्ये धाकटी बहीण वाकली आणि तिच्या खांद्यामागे, भिंतीच्या तळाशी, एक बारीक रेघ चमकली. मीच बाजूला लावलेल्या दिव्यानं ती उजळली होती. पाण्याचा ओघळ.

चुन्याची भिंत वाळली की फिकी पडते, ओली केली की पुन्हा गडद होते. पहिल्या दुपारी भिंत उतरलेली अण्णांना दिसली होती, मला दिसली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून ते रोज सकाळी साध्या पाण्याचा हात फिरवून, आणि बहुधा आम्ही जेवायला बसल्यावरही, माझा चुकलेला रंग माझ्यासाठी जागेवर ठेवत होते. कुंच्यात मुरलेल्या जुन्या चुन्यामुळे पाणी पांढुरकं झालं होतं. एकदा हात लावला असता तर तळवा ओला झाला असता आणि भिंतीवर नुसतं पाणी आहे हे कळलं असतं.

“ती चमकतेय ती रेघ कसली?” मूर्तीनं विचारलं.

“सावलीची कड,” मी म्हणालो.

माझा खरा गुन्हा हा. हेब्बाळच्या खोलीत मी चुकलो, पण टेबलापाशी मी सगळं कळून खोटं बोललो.

सिनेमा थोडा चालला, पण त्याचं कौतुक पुष्कळ झालं. भिंतीबद्दल खास लिहून आलं, चित्रकाराची नजर वगैरे. कामं मिळत गेली. अण्णांना मात्र सिनेमावाल्यांनी पुन्हा बोलावलं नाही. आमचं गाव या धंद्यापुरतं छोटं आहे. एका सेटवर बोललेलं दुसऱ्या सेटवर चहाच्या आधी पोचतं. मला वाटायचं, आता ते खरं काय ते सांगतील. त्यांनी सांगितलं नाही, तर त्यांच्या गप्प बसण्याचाच संशय यायला लागला: योग्य वेळेची वाट बघत असतील. दिव्यांची मंडळी कोपऱ्यात हसली की वाटायचं, यांना कळलंय. कुणी स्तुती केली की वाटायचं, टोमणा आहे. शिवाजीनगरातून जायची वेळ आली की रिक्षावाल्याला लांबचा रस्ता सांगायचो. तरी त्यांच्या हातच्या पाट्या गावभर होत्या. औषधाचं दुकान, पिठाची गिरणी, सायकलवाला. मधल्या जागांवरून ओळखू यायच्या. अलीकडे त्यातली एकेक उतरायला लागली आहे. तिथे कॉम्प्युटरनं कापलेली चिकटपट्टीची अक्षरं येतात. प्रत्येक पाटी उतरली की मला सुटल्यासारखं वाटायचं, आणि मग स्वतःची किळस यायची.

त्याच दिवशी, परातीतले अवरे संपल्यावर, मी बाबांना सगळं सांगितलं. सुमनसमोरच सांगितलं. बाबांच्या बोटांना सालींचा चिकटा होता, तो ते पंच्याला पुसत राहिले. शेवटी इतकंच म्हणाले, “ओल्या रंगावर निकाल दिलास.” मग म्हणाले, “आणि मी आठ वर्षं माझी जीभ तपासत बसलो.”

दुसऱ्या दिवशी मी शिवाजीनगरला गेलो. फट तीच होती, पाट्या दोनच. अण्णा चष्म्याला दोरा बांधून एका मोटारीच्या नंबरप्लेटवर आकडे काढत होते. मला बघून त्यांनी आठाचं खालचं वर्तुळ पुरं केलं, मगच ब्रश खाली ठेवला.

“काय रे किट्टू. वाट चुकलास?”

मी बसलो. बराच पाठ केला होता, पण तोंडातून निघालं ते वेडंवाकडंच. भिंत, पाणी, ओघळ, टेबल, सावलीची कड. माफ करा, म्हणालो. खाली वाकून पायांना हात लावायला गेलो तर त्यांनी पाय मागे घेतले.

“ओघळ दिसला तुला?”

“दिसला.”

“त्या दिवशी हात घाईत चालला माझा. नाहीतर ओघळ आला नसता.” त्यांना त्या ओघळाचंच वाईट वाटलं असावं. मग त्यांनी चष्मा काढला. “तुला हात लाव म्हणालो ते मराठीत का म्हणालो, ठाऊक आहे?”

मी मान हलवली, नाही.

“तुझं पहिलं पिक्चर. चुना वाळल्यावर उतरतो हे कॅमेरामनला माहीत नाही, तेपण रंगाऱ्याच्या पोराला, हे त्या सगळ्यांना कळलं असतं तर काय राहिलं असतं तुझं? म्हणून तुला एकट्याला कळंल असं बोललो.” बाहेर एक बस उगाच हॉर्न देत उभी होती. “आणि तू काय केलंस? मला चोरासारखं उभं केलंस ते कन्नडमध्ये, चारचौघांपुढे. आता माफी मागायला आलास ती घरच्या भाषेत, माझ्या दुकानाच्या कोपऱ्यात. हे बरं आहे बघ तुझं.”

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. ते नुसतं माप सांगत होते, पाटीची लांबी-रुंदी सांगावी तसं.

“बाबांना सांगितलंस?”

“काल.”

“मी तिकडं येत नव्हतो कारण रंगाऱ्यानं विचारलं असतं, आणि मला खोटं बोलायला जमत नाही.” त्यांनी ब्रश पुन्हा उचलला. “जा आता. प्लेट द्यायची आहे.”

सध्या मी मूर्तीबरोबरच काम करतोय. बेळ्ळंदूरकडे, तळ्यालगतच्या एका शेतात सेट आहे. दिवे लावणारी मंडळी बरीचशी तीच आहेत, केस पिकलेली. सेल्वम आता माझ्याइतकाच मोठा कॅमेरामन आहे. त्याला मी फोन करून खास बोलावलं. मूर्तीला फक्त म्हणालो, सकाळचा पहिला शॉट लावायच्या आधी मला थोडा वेळ दे. अण्णांनाही निरोप धाडला होता, पण ते येतील याची खात्री नव्हती. काल सकाळी ते आले. हातात अवरेच्या शेंगांची पिशवी होती, ती त्यांनी माझ्याकडे दिली नाही. “ही रंगाऱ्यासाठी आहे,” म्हणाले आणि सगळ्यांच्या पुढे, उजेडात, उभे राहिले.

कुठे उभं राहायचं, उजेड कुठल्या बाजूनं घ्यायचा, याचा विचार मनात आलाच. माझी ही खोड जाणार नाही. या लेखातसुद्धा ती शिरली असेल, वाचणाऱ्यानं तिचा संशय घ्यावा. पण तेव्हा मी पाय हलवले नाहीत. जिथे होतो तिथेच राहिलो. धुकं डोळ्यांवर येत होतं, चेहरे नीट दिसत नव्हते. मी कन्नडमध्ये बोललो, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं:

“हेब्बाळच्या घरातली भिंत गोविंदअण्णांनी बिघडवली नव्हती. ती मी बिघडवली. चुना ओला असताना मी रंग ठरवला, त्यांनी सांगूनही ऐकलं नाही. ते रोज पहाटे उठून, पाण्याचा हात फिरवून, माझी चूक झाकत होते. मी त्यांना तुमच्यासमोर खोटं पाडलं. तीन आठवड्यांत मला खरं कळलं होतं आणि मी आठ वर्षं गप्प बसलो. तुमच्यापैकी ज्यांनी माझं ऐकून त्यांना काम दिलं नाही, त्यांचा दोष नाही, माझा आहे. तप्पायितु, अण्णा. माझी चूक झाली.”